मफीबोशेथाला कोणी विचारले?

तिमाही अभ्यासपाठ
वाचन: २ शमुवेल ४:४; ९:१-१३; १६:१-४; १९:२४-३०



मुलांच्या सुरक्षिततेविषयी आता आपल्या मंडळ्यांत बोलले जाते. संडे स्कूलच्या शिक्षकांना सूचना मिळतात, वसतिगृहांत नियम लावलेले असतात. पण जी माणसे वयाने मोठी आहेत आणि तरीही दुसऱ्याच्या हातावर जगतात, त्यांच्याविषयी आपण क्वचितच बोलतो. थकलेले म्हातारे, दृष्टी गेलेले, पायांनी अधू, मनाने आजारी, मतिमंद, एकट्या विधवा. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर सेवा करताना अशा घरांत माझे नेहमी जाणे होते. आपण पाठवलेली चादर, औषध, धान्य त्या घरांपर्यंत पोहोचते. पण दारात उभा राहून ते घेणारा हात आणि आत ज्याच्यासाठी ते आणले तो माणूस, हे दोघे वेगळे असतात. दोघांमधले नाते कसे आहे, हे पाहण्यासाठी हा पाठ आहे.

वचनातील गोष्ट

योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना शौल आणि योनाथान पडल्याची बातमी आली. दाई त्याला उचलून पळाली, तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. पुढे दावीद राजाने योनाथानाची आठवण ठेवून त्याला लो-दबारहून बोलावले, शौलाची सगळी जमीन त्याला परत दिली आणि स्वतःच्या मेजावर जागा दिली. एवढे आपण मुलांनाही शिकवतो, आणि बहुतेक उपदेश इथेच संपतात.

पण नवव्या अध्यायातील व्यवस्था नीट वाचा. जमीन मफीबोशेथाची, पण कसणार सीबा, त्याचे १५ मुलगे आणि २० चाकर. पीक आणणार सीबा. म्हणजे मालकी एकाची आणि सगळा व्यवहार दुसऱ्याच्या हाती.

मग अबशालोमाने बंड केले. राजा यरुशलेम सोडून निघाला असताना वाटेत सीबा भेटला. सोबत खोगीर घातलेली दोन गाढवे, २०० भाकरी, मनुकांचे १०० घड, फळे आणि द्राक्षारस. राजाने विचारले, तुझा धनी कोठे आहे? सीबाने सांगितले, तो यरुशलेमेतच राहिला, राज्य आपल्याला परत मिळेल अशी त्याची आशा आहे. दावीदाने तिथल्या तिथे मफीबोशेथाची सगळी मिळकत सीबाला देऊन टाकली. जो समोर नव्हता, त्याला कोणी विचारले नाही.

राजा परतला तेव्हा मफीबोशेथ त्याच्या भेटीस आला. राजा गेल्या दिवसापासून त्याने पायांची निगा राखली नव्हती, दाढी केली नव्हती, कपडे धुतले नव्हते. त्याने सांगितले की मी पायांनी अधू, गाढवावर खोगीर घालून राजाबरोबर जाणार होतो, पण चाकराने मला फसवले आणि माझी निंदा केली. राजाने बोलणे आटोपते घेतले आणि जमीन दोघांनी वाटून घ्यावी असा निकाल दिला.

दोघांत खरा कोण, हे लेखक आपल्या तोंडाने सांगत नाही. म्हणूनच चौकशी व्हायला हवी होती. दावीद वाईट नव्हता. तो दयाळू होता, थकलेला होता, आणि सीबाने वेळेवर भाकरी आणल्या होत्या. आपलेही असेच होते. जो आपल्याला चहा देतो, प्रार्थनेला येतो, "मीच सगळं बघतो हो यांचं" असे सांगतो, त्याचे आपण ऐकतो. ज्याला दारापर्यंत येता येत नाही, त्याचे ऐकायचे राहून जाते.

या पाठातून एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे: ज्याचा सगळा व्यवहार एकाच माणसाच्या हातून होतो, त्याला स्वतःला, एकट्याला, विचारल्याशिवाय तो सुखी आहे असे समजू नये.

एका आजाची हकिकत

ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत. एका पाड्यावर दृष्टी गेलेला एक आजा पुतण्याकडे राहत होता. पुतण्या बोलायला गोड. आम्ही भेटीला गेलो की तो ओटीवर घोंगडी टाकायचा, आजा आत असायचा, आणि आजाची सगळी उत्तरे पुतण्याच द्यायचा. एकदा तो पाण्याला गेला असताना आमच्याबरोबरची ताई आत जाऊन आजाजवळ बसली. "आजा, सकाळी काय खाल्लं?" एवढेच तिने विचारले. थोड्या वेळाने आजानेच विचारले, "बाई, माझे निराधारचे पैसे अजून सुरू नाही झाले का?"

ते पैसे दोन वर्षांपासून सुरू होते. दर महिन्याला पुतण्या त्याला गाडीवर बसवून बँक मित्राकडे नेत असे आणि अंगठा लावून घेत असे. आजाला वाटे, तो रेशनचा अंगठा आहे.

आम्ही पुतण्याशी भांडलो नाही. आजाशी दोन वेळा एकांतात बोललो आणि त्याला काय हवे ते विचारले. "घर सोडायचं नाही, पण पैसा माझ्या हातात द्या," असे तो म्हणाला. त्याच्या संमतीने तहसील कार्यालयात अर्ज दिला. आता अंगठा लावताना आशाताई सोबत असते, पैसे आजाच्या हातात मोजून दिले जातात आणि पासबुक आजाच्या उशाखाली असते. तो अजून पुतण्याकडेच राहतो. गेलेल्या दोन वर्षांचे पैसे परत आलेले नाहीत. पण आता महिन्याच्या सामानात काय आणायचे, ते आजा सांगतो.

खुणा कशा ओळखाव्यात

छळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मारहाण येते. मारहाण असतेच, पण बहुतेक वेळा छळ शांत असतो. आपल्या भागात पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

उपासमार आणि हेळसांड. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे जगायला भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि म्हातारी माणसे पाड्यावर राहतात. हा सगळा छळ नव्हे. गरिबी आणि हेळसांड यांत फरक आहे. घरात सगळेच अर्धपोटी असतील तर ती गरिबी, तिथे धान्य पोहोचवावे. सगळे जेवतात आणि एकट्या म्हातारीला कालची पेज मिळते, सगळे आत निजतात आणि ती गोठ्यात, तर ती हेळसांड आहे. अंथरुणावरच्या जखमा, अंगाला येणारा वास, आणून दिलेली औषधे तशीच पडलेली, या तिच्या खुणा.

पैसा आणि जमीन. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे कोण काढतो, पासबुक आणि आधार कार्ड कोणाजवळ आहे, हे विचारावे. कोऱ्या कागदावर किंवा हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला आहे का, हेही पाहावे. वनहक्क कायद्यानुसार मिळणारा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो आणि तो विकता येत नाही. तरी नवरा गेला की दीर म्हणतो, "तुझं इथं काय?" आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, हेही पाड्यावर सांगत राहावे.

मारहाण. एकाच जागी पुन्हा पुन्हा वळ, मनगटावर दोरीच्या खुणा, आणि प्रत्येक वेळी "पडली" हेच उत्तर.

लैंगिक अत्याचार. मतिमंद किंवा मुक्या स्त्रीच्या बाबतीत हे फार लपून राहते. विशिष्ट माणूस आला की ती आकसते, चालताना-बसताना त्रास होतो, कपडे फाटलेले असतात. "तिला काय कळतंय?" हे वाक्य ज्या घरात ऐकू येते, तिथे अधिक लक्ष ठेवावे.

कोंडणे आणि बांधणे. मनाने आजारी माणसाला खांबाला किंवा साखळीने बांधून ठेवलेले आजही आढळते. घरचे अनेकदा हतबल असतात, त्यांना दोष देण्याआधी उपचाराची वाट दाखवावी. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे.

भुताळी ठरवणे. आजारपण आले, जनावर मेले की बोट एकट्या विधवेकडे वळते. नंदुरबारकडे डाकीण म्हणतात, इकडे भुताळी. भगताच्या नावाने हे चालते, पण खाली खोदले तर पुष्कळदा जमिनीचा तुकडा निघतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणा प्रतिबंधक कायद्याने हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे.

एक खूण सर्व प्रकारांत सारखी असते. सांभाळणारा माणूस तुम्हाला त्या व्यक्तीजवळ एकटे बसू देत नाही. एकदा असे झाले तर योगायोग असेल. तीनदा झाले तर वहीत लिहून ठेवावे.

विचारावे कसे

जोडीने जावे. प्रभूनेही शिष्यांना दोघे दोघे पाठवले (मार्क ६:७). एकाने घरच्यांशी बोलावे, दुसऱ्याने त्या व्यक्तीजवळ बसावे. स्त्रीजवळ स्त्रीने बसावे. वारली, कोकणा, कातकरी, ज्याची जी बोली असेल ती जाणणारा माणूस सोबत असावा, आणि तो घरचा नसावा.

प्रश्न साधे व मोकळे असावेत. काय खाल्लं? रात्री कुठं निजता? पैसे कोण आणतं? भीती कशाची वाटते? "तुम्हाला मुलगा मारतो ना?" असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत. मुक्या माणसाला खुणांनी सांगू द्यावे, घाई करू नये.

"कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये. "मी हे गावभर करणार नाही, पण तुमच्या मदतीसाठी ज्यांना सांगणे भाग आहे त्यांना सांगेन," असे म्हणावे.

त्याच दिवशी लिहून ठेवावे: तारीख, वेळ, काय पाहिले, त्या व्यक्तीचे नेमके शब्द. आपला तर्क वेगळा लिहावा. जखमांचे फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नयेत, प्रार्थनेच्या गटातही नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याला जाब विचारू नये, कारण आपण निघून गेल्यावर त्या रागाचा मार कोणाला बसेल ते आपल्याला माहीत आहे. तपास करणे हे आपले काम नाही. पाहणे, ऐकणे, लिहिणे आणि कळवणे एवढे आपले काम आहे.

"राहू द्या, कुठं जाऊ मी?" असे ती व्यक्ती म्हणाली तर? मुलांच्या बाबतीत लैंगिक अत्याचार कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, तिथे प्रश्नच नाही. प्रौढ माणसाला मात्र स्वतःची इच्छा असते आणि तिचा मान राखला पाहिजे. आपण पुन्हा पुन्हा जावे, वाटा समजावून सांगाव्यात, निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा. पण जिवाला धोका असेल, इतरांनाही धोका असेल, किंवा काय घडते आहे ते तिला समजतच नसेल, तर थांबू नये.

कळवावे कोठे

जिवाला धोका असल्यास ११२ वर फोन करावा. गुन्हा घडला असेल तर कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. तक्रार देणाऱ्याला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. साक्षीसाठी कोणत्याही स्त्रीला, ६० वर्षांवरील पुरुषाला किंवा दिव्यांगाला ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचे असते. लैंगिक अत्याचार असेल तर अंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत, सरळ रुग्णालयात न्यावे. सरकारी असो वा खासगी, तातडीचे उपचार विनामूल्य देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे.

वृद्धांसाठी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करावा. म्हाताऱ्या माणसाला जमत नसेल तर त्याच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज देऊ शकते. मूलबाळ नसेल तर ज्याला मिळकत मिळणार आहे त्या नातेवाइकावर जबाबदारी येते. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास, रद्द करून मागता येते. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

दिव्यांगांसाठी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. छळ झाला, होत आहे किंवा होण्याची भीती आहे असे वाटले तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडे सहसा तहसीलदारांना, कळवू शकतो. सांभाळणाऱ्याने जाणूनबुजून अन्नपाणी तोडले तर सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा आहे.

मनोरुग्णाची हेळसांड दिसल्यास पोलीस ठाण्याच्या प्रमुखास कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. उपचारांच्या सल्ल्यासाठी १४४१६ हा क्रमांक आहे.

घरात छळ होणाऱ्या स्त्रीसाठी, मग ती सून असो वा सासू, संरक्षण अधिकारी किंवा १८१. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने कोणतीही जबाबदारी येत नाही.

वकील लागल्यास अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि दिव्यांगाला तालुका विधी सेवा समितीकडून तो विनामूल्य मिळतो. क्रमांक १५१००.

मंडळीच्या आत

सीबा बाहेरच असतो असे नाही. मार्क ७:९-१३ मध्ये प्रभूने अशा लोकांना सुनावले जे आईवडिलांना द्यायचे ते "कुर्बान", म्हणजे देवाला अर्पण केले, असे म्हणून हात झटकत. घरी आई उपाशी आणि मंडळीत मोठे दान, असा माणूस वडील किंवा डीकन असला तरी त्याला हे वचन लागू आहे. तो दान देतो म्हणून आपण गप्प बसलो, तर त्याच्या "कुर्बान"मध्ये आपलाही वाटा आहे.

"घरची गोष्ट घरात मिटवा", "प्रभूच्या नावाला बट्टा लागेल", "क्षमा करा" ही तीन वाक्ये मी फार ऐकली आहेत. क्षमा करणे हा दुखावलेल्याचा अधिकार आहे, ती त्याच्याकडून वसूल करण्याचा अधिकार मंडळीला नाही. क्षमा केली तरी गुन्हा कळवावा लागतो आणि पासबुक परत द्यावे लागते. जक्कयाने काय केले ते आठवा.

उपवास-प्रार्थनेच्या घरांविषयीही बोलले पाहिजे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी श्रद्धेने बरे होण्यासाठी आणून साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मेले, कारण त्यांना पळता आले नाही. ते स्थळ आपले नव्हते, असे म्हणून सुटका करून घेऊ नये. प्रार्थनेसाठी आणलेल्या कोणालाही आपल्या आवारात बांधले जाणार नाही आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या जाणार नाहीत, हा नियम प्रत्येक मंडळीने लिहून लावावा.

आणि आम्ही सेवकही याला अपवाद नाही. कोणाचे पासबुक, एटीएम किंवा जमिनीचे कागद सेवकाने स्वतःजवळ ठेवू नयेत. मदत दिली तर ती व्यक्तीच्या हातात, दुसऱ्यासमोर द्यावी आणि नोंद करावी. आमच्याविरुद्ध तक्रार असेल तर ती कोणाकडे द्यायची, हे पाड्यावरच्या माणसाला ठाऊक असले पाहिजे. आपल्या मंडळीत अशी दोन माणसे नेमा, त्यांतली एक स्त्री असावी, आणि त्यांची नावे दारावर लावा.

गटात बोलण्यासाठी

१. दावीदाने सीबाचे ऐकून लगेच निर्णय का दिला असेल? आपण असे केव्हा करतो?
२. आपल्या मंडळीत किंवा शेजारी असा कोण आहे ज्याला गेल्या महिन्यात घरच्यांशिवाय कोणीच भेटले नाही? नाव मोठ्याने घेऊ नका. भेटीला कोणी जायचे ते ठरवा.
३. निराधारचे पैसे मिळणाऱ्या आपल्या ओळखीच्या तीन माणसांचे पासबुक कोणाजवळ आहे?
४. वर दिलेले क्रमांक मंडळीच्या फलकावर आहेत का? नसतील तर या रविवारी कोण लिहील?

प्रार्थनेसाठी

पाड्यांवर एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी. सांभाळून थकलेल्या घरच्या माणसांसाठी, कारण थकव्यातूनही हात उठतो. त्यांना चार दिवस विसावा देणारे कोणी मिळावे. भीतीने गप्प असलेल्यांसाठी. तहसील आणि पोलीस ठाण्यांत प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांसाठी. आणि आपल्यासाठी, की ओटीवरचा चहा घेतल्यावर आत डोकावण्याचे धैर्य आपल्याला मिळावे.

निवाड्याच्या शेवटी मफीबोशेथ म्हणाला, राजा सुखरूप परत आला, आता सीबालाच सगळे घेऊ द्या. आपण हे त्याच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून वाचतो, आणि ते खरेही आहे. पण आमच्या पाड्यांवर "घेऊ दे त्यालाच सगळं" हे वाक्य मी दुसऱ्या सुरातही ऐकले आहे. ज्यांचे कोणी ऐकले नाही, अशा माणसांच्या तोंडून. तुमच्या पुढच्या भेटीत ते कानावर आले, तर तिथून लगेच उठू नका.